छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरची निवड : महाविद्यालयीन दस्तऐवजांच्या संदर्भात

प्रस्तावना :
जुनी छायाचित्रे, हस्तलिखिते व क्षेत्रभेटीत टिपलेले शिलालेख यांचे संगणकीकरण अनेक विभागांना करावे लागते. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा प्रश्न केवळ सोयीचा नसून पुराव्याच्या विश्वासार्हतेचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचे प्रकार व निवडीचे निकष यांचा विचार केला आहे.

सॉफ्टवेअरचे प्रकार :
१) पिक्सेल-संपादक : फोटोशॉप (१९९०) व मुक्त-स्रोत गिंप (१९९६) यांत चित्रातील बिंदूंचेच मूल्य बदलता येते. फाटलेल्या छायाचित्राची डागडुजी येथेच उत्तम होते. स्वतंत्र थरावर काम केल्यास मूळ चित्र राखता येते. मात्र ही शिस्त वापरणाऱ्याने पाळावी लागते.
२) सूचनाधारित संपादक : लाइटरूम (२००७) व मुक्त-स्रोत डार्कटेबल (२००९) मूळ फाइलला हात न लावता बदलांच्या सूचना वेगळ्या साठवतात. शेकडो पानांवर एकच संस्कार करणे त्यामुळे सुलभ होते.
३) स्वयंचलित संपादक : भ्रमणध्वनीवरील ही साधने प्रसिद्धीच्या कामास पुरेशी आहेत. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधन झिजलेले अक्षर ‘स्पष्ट’ करताना मुळात नसलेली रेषाही निर्माण करू शकते. संशोधनात हा दोष गंभीर ठरतो.

निवडीचे निकष :
पहिला निकष मूळ प्रतीच्या सुरक्षिततेचा. जेपेग फाइल बदलून पुन्हा पुन्हा साठविल्यास तिचा दर्जा घटत जातो. दुसरा निकष रंगछटांच्या सूक्ष्मतेचा. ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. काळवंडलेल्या पानावरील फिकट शाई उजळताना हा फरक जाणवतो. गिंपमध्ये १६ बिटची सोय २०१८ मधील २.१० या आवृत्तीपासून झाली. त्यामुळे प्रयोगशाळेतील आवृत्ती तपासून घ्यावी. तिसरा निकष सातत्याचा. अ‍ॅडोबने २०१३ मध्ये वर्गणीची पद्धत स्वीकारली. वर्गणी थांबल्यास संपादनही थांबते. अनुदानाची निश्चिती नसलेल्या विभागाने याचा विचार अवश्य करावा.

निष्कर्ष :
दस्तऐवजांच्या नोंदीसाठी डार्कटेबल व डागडुजीसाठी गिंप ही जोडी बहुतेक विभागांस पुरेशी आहे. चाररंगी छपाईचे काम नियमित असल्यास फोटोशॉपचा खर्च समर्थनीय ठरतो. सॉफ्टवेअर कोणतेही असो, मूळ फाइल अबाधित ठेवावी, अंतिम प्रत टिफ स्वरूपात जतन करावी आणि केलेल्या बदलांची नोंद सोबत ठेवावी. अशी नोंद नसलेले संपादित चित्र पुरावा म्हणून ग्राह्य मानणे कठीण होय.