घरगुती जाळ्यावर सामायिक साठवण : अल्पखर्चाचे मार्ग

शिक्षकाच्या घरी प्रश्नपत्रिका एका संगणकावर, जमिनीच्या उताऱ्यांच्या प्रती दुसऱ्यावर आणि मुलांची छायाचित्रे एखाद्या जुन्या भ्रमणध्वनीत, अशी स्थिती सर्रास आढळते. यंत्र बिघडले की ही विखुरलेली मालमत्ता कायमची नाहीशी होते. घरातील सर्वांस वापरता येईल अशी एक हार्ड डिस्क जाळ्यावर ठेवणे ही तीवरील उपायाची पहिली पायरी होय. त्यासाठी ‘नॅस’ नावाची तयार पेटी विकत घेतलीच पाहिजे असे नाही.

राउटरला यूएसबी पोर्ट असल्यास तेथेच डिस्क जोडता येते. हा मार्ग सोपा खरा. परंतु कित्येक जुने राउटर फाइलींच्या देवाणघेवाणीची ‘एसएमबी १’ ही जुनी पद्धतच जाणतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने या पद्धतीतील दोषाचाच फायदा घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्याने बसविलेल्या विंडोज १० मध्ये ती मुळात दिली जाईनाशी झाली. राउटरची डिस्क संगणकास न दिसण्याचे हे एक नेहमीचे कारण होय. ‘जुनी पद्धत पुन्हा सुरू करा’ असा सल्ला अशा वेळी मिळतो. तो मानू नये.

अडगळीतला संगणकही लिनक्स व ‘सांबा’ यांच्या साहाय्याने भांडाराचे काम करू शकतो. सांबा ही आज्ञावली विनामूल्य असून तिचा आरंभ अँड्र्यू ट्रिजेल यांनी कॅनबेरा येथे विद्यार्थिदशेत केला. यंत्र फुकट मिळाले तरी वीज फुकट नसते. ६० वॉट घेणारा संगणक अहोरात्र चालल्यास ३० दिवसांत सुमारे ४३ युनिट जळतात. १० वॉटची रचना हेच काम सुमारे ७ युनिटांत करते.

म्हणूनच ‘रास्पबेरी पाय ४’सारखा छोटा संगणक अधिक किफायतशीर ठरतो. त्याचे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच प्रवाह देतात. दोन डिस्का जोडावयाच्या असल्यास त्यांना स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा. साडेतीन इंची डिस्कला तर तो लागतोच. जाळ्याचा वेगही पाहावा. १०० मेगाबिटच्या जोडणीतून एक गिगाबाइट जाण्यास सुमारे दीड मिनिट लागते.

सामायिक डिस्क म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणाऱ्या ‘रेड’ रचनेतही चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. दरमहा दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून ती जाळ्यापासून अलग, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी. हे भांडार बाहेरील इंटरनेटला खुले करू नये. २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने अशाच उघड्या पेट्यांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. वीज वारंवार जात असेल तेथे राउटर व भांडार या दोहोंस पुरेल असा लहान यूपीएस घ्यावा, कारण लिहिणे चालू असता वीज गेल्यास डिस्कवरील फाइली खराब होऊ शकतात.