रांगेतली जागा

लांब पल्ल्याची जुनी विमानं बदलायची ठरली की चर्चा सुरू होते ती इंधनाच्या आकड्यापासून: दर आसनामागे किती टक्के बचत? आकडा महत्त्वाचा आहेच, पण विमान ताब्यात आल्याशिवाय त्यातला एक रुपयाही हाती लागत नाही. म्हणून कारखान्याच्या रांगेतली जागा मला त्याहून मोठी वाटते. बोइंगने २०१३ साली दुबईच्या प्रदर्शनात ७७७एक्स जाहीर केलं तेव्हा पहिलं विमान २०२० मध्ये मिळणार होतं. आता ते २०२७ वर गेलं आहे. तोवर लुफ्तान्सा, एमिरेट्ससारख्या ग्राहकांना जुनी विमानं ओढावी लागतात, आणि जुनं विमान म्हणजे इंजिनांचं ओव्हरहॉलिंग, सांगाड्याची मोठी तपासणी, तेवढे दिवस हँगरमध्ये बुडालेलं उत्पन्न. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची खरेदी जाहीर केली आणि त्याच डिसेंबरात पहिलं ए३५०-९०० मिळवलं, कारण ते मुळात रशियाच्या एरोफ्लोटसाठी बांधलेलं, पण तिकडे न गेलेलं विमान होतं. अमेरिकेच्या फेऱ्या वाढवायला कंपनीने डेल्टाने ताफ्यातून काढलेली ७७७-२००एलआर भाड्याने घेतली. इंधनाच्या हिशोबात ही निवड बसत नाही, तारखेच्या हिशोबात चोख बसते.

यावर कुणी म्हणेल, विमान वीस-पंचवीस वर्षं उडणार, मग दोन-तीन वर्षं थांबलं तर काय बिघडलं? काही मार्गांवर हे म्हणणं खरं आहे. प्रत्येक विमानाचा वजन आणि अंतराचा आलेख असतो. सुरुवातीला रेघ आडवी, पूर्ण भार उचलणारी; मग एका टोकाशी ती खाली वळते. तिथून पुढे टाकीत एक टन इंधन जास्त भरायचं तर एक टन माल किंवा प्रवासी उतरवावे लागतात. क्वांटासला सिडनी-लंडन विनाथांबा हवं होतं, म्हणून २०,००० लिटरची जादा टाकी आणि अवघी २३८ आसनं असलेल्या ए३५०-१००० साठी ती थांबली, आणि ते योग्यच होतं. वळणाच्या पलीकडे थोडी शिल्लकही लागते: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद झालं आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या काही विमानांना व्हिएन्नात उतरून इंधन भरावं लागलं. पण मुंबई-लंडन जेमतेम ७,२०० किलोमीटर. तिथे ७८७-९ काय, ए३५०-९०० काय, दोन्ही त्या वळणाच्या बरीच अलीकडे असतात. अशा मार्गासाठी जे आधी मिळेल ते घ्यावं.