तापमापकाची साक्ष आणि इंजिनाचा ताप

वरळीच्या बीडीडी चाळींपाशी रात्रभर उभी असलेली एखादी टॅक्सी दुपारच्या गर्दीत अडकते आणि उष्णतामानाचा काटा तांबड्या रेघेवर जातो. इंजिन खरोखरच तापले आहे, की तापमापक खोटी साक्ष देत आहे? तापलेले इंजिन तसेच चालविल्यास गॅस्केट जळते, हेड वाकते व चालकाची कित्येक दिवसांची कमाई बुडते. उलटपक्षी, दोष केवळ सेन्सरचा असता चांगले भाग व्यर्थ बदलले जातात.

२०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत पंखा पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनच फिरवीत असे. तापमापक चुकला तर केवळ चालकाची फसगत होई. आजच्या गाडीत विजेचा पंखा सेन्सरच्याच सांगण्यावरून सुरू होतो. म्हणून त्याच्या साक्षीची उलटतपासणी अधिक अगत्याची ठरते.

सेन्सरमधील अर्धवाहकाचा विद्युत्‌रोध उष्णतामान वाढेल तसा घटतो. पुष्कळ गाड्यांत तो २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम, तर १०० अंशांस सुमारे २०० ओहम असतो. तार तुटल्यास हा रोध अमर्याद होतो व तपासणी-यंत्रावर उणे ४० अंशांसारखा आकडा दिसतो. मुंबईत अशी थंडी संभवत नाही. तेव्हा दोष तारेत किंवा सेन्सरमध्येच शोधावा.

पहिली परीक्षा पहाटेची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील कूलंट व बाहेरची हवा यांचे उष्णतामान जवळजवळ सारखे असते. यंत्रावरील आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची. वरळी समुद्रकाठी असल्याने तेथे पाणी सुमारे १०० अंशांवर उकळते. गार इंजिनातून काढलेला सेन्सर त्यात धरून रोध मोजावा व उत्पादकाच्या कोष्टकाशी ताडून पाहावा.

सेन्सर खरा ठरला, तर दोष अन्यत्र आहे. गाडी गर्दीत तापते, पण वेगात निवते, तर पंखा तपासावा. वेगातही तापत असेल, तर तुंबलेला रेडिएटर किंवा निकामी पंप यांचा संशय घ्यावा. रेडिएटरचा एक होज पाइप कढत व दुसरा गार राहत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याचा संभव असतो.

मात्र तापलेल्या इंजिनाचा काटा एकाएकी खाली आला, तर संतोष मानू नये. कूलंट गळून सेन्सर उघडा पडला की तो इंजिनाचा खरा ताप दाखवीत नाही. अशा वेळी गाडी तत्काळ थांबवून इंजिन बंद करावे. ते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील कूलंट १०० अंशांहून अधिक तापलेले असते व झाकण काढताच उसळून अंगावर येते.

काटा हा साक्षीदार होय, न्यायाधीश नव्हे. त्याची साक्ष पारखून घेतल्यावरच पाना हाती घ्यावा.