सेडानचा पिकअप आणि त्याची किंमत

मोठ्या रस्त्यावर तोड नाही, पण गावात पेट्रोल पिते. वळणावर रस्ता धरून चालते, पण गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर खालून घासते. एकाच गाडीबद्दल ही दोन्ही मतं ऐकू येतात आणि दोन्ही खरी असतात, कारण त्यांचं मूळ एकाच भौतिकशास्त्रात आहे.

भोपाळहून रायसेन रोडने बाहेर पडताना ‘भेल’ कंपनीची वसाहत मागे पडली की आनंद नगर लागतं. जवळच गोविंदपुऱ्याचे कारखाने, पुढे रस्त्याकडेची अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि मधे नोकरदारांची घरं. इथल्या मोटारींचा दिनक्रम ठरलेला असतो. आठवडाभर ऑफिस, शाळा, बाजार अशा पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या. सणासुदीला किंवा लग्नकार्याला मात्र घरची सगळी माणसं आणि गच्च भरलेली डिकी घेऊन लांबचा पल्ला. मराठी घरांसाठी तो पल्ला बहुधा नर्मदापुरम, इटारसी, बैतूल, मुलताई करत नागपूरचा, म्हणजे साधारण साडेतीनशे किलोमीटरचा. काहीजण बैतूलहून परतवाड्याकडे वळून अमरावती गाठतात.

अशा घरात थोडी चपळ, तरी खिशाला अगदीच जड नसलेली सेडान घ्यायची म्हटली की गेल्या काही वर्षांत तीन नावं हमखास निघतात: स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस आणि टर्बो इंजिनाची ह्युंदाई व्हर्ना. पहिल्या दोन्ही २०२२ मध्ये बाजारात आल्या आणि दोन्ही पुण्याजवळच्या चाकणला तयार होतात. त्याआधीची दोन दशकं हा मान स्कोडाच्याच ऑक्टाव्हियाचा होता. २००१ पासून ती छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडली जात होती. कुटुंबाची गाडीसुद्धा चालवताना आनंद देऊ शकते, ही गोष्ट इकडच्या मध्यमवर्गाला पटवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

पिकअप म्हणजे नेमकं काय?

इंजिनाचा जोर दोन आकड्यांत सांगतात. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा पीळ, आणि पॉवर म्हणजे तो पीळ किती वेगाने कामाला लागतो त्याचं माप. मालक ज्याला पिकअप म्हणतो, तो बहुतांशी कमी आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे कमी असताना, मिळणारा टॉर्क असतो. व्हर्टस आणि स्लाव्हियाचं दीड लिटरचं टर्बो इंजिन १,६०० आरपीएमपासूनच २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. होंडा सिटीचं साधं, टर्बो नसलेलं इंजिनही दीड लिटरचंच आहे. त्याचा सर्वाधिक टॉर्क १४५ न्यूटन मीटर, आणि तोही ४,३०० आरपीएमला.

आता रायसेन रोडवर पुढच्या ट्रकला ओलांडायचं आहे आणि इंजिन २,५०० आरपीएमवर आहे असं धरू. टर्बो गाडीकडे त्या क्षणी सुमारे ६५ किलोवॅट हाताशी असतात. साध्या इंजिनाकडे ३८ किलोवॅटही नसतात. त्याला गिअर खाली आणून आरपीएम वाढवावेच लागतात. ट्रकच्या बाजूने, समोरच्या मार्गिकेत, जितके सेकंद कमी जातील तितकं बरं. त्यामुळे हा फरक निव्वळ हौसेचा नाही. तो सुरक्षिततेचाही आहे.

हा जास्तीचा टॉर्क येतो हवेतून. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पावणेपंधरा किलो हवा लागते. सिलिंडरमध्ये हवा जास्त कोंबता आली तरच पेट्रोल जास्त जाळता येतं. जळालेल्या वायूंबरोबर एरवी बाहेर फेकल्या जाणाऱ्या ऊर्जेवर टर्बोचं छोटं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि ताजी हवा दाबून आत ढकलतं. मात्र ते फिरायला आधी पुरेसा धूर हवा. इंजिन मंद असताना तो नसतो. म्हणूनच एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या टर्बो गाडीचे मालक सांगतात की स्पीडब्रेकर ओलांडून दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तरी गाडी क्षणभर उचलत नाही. गाडीत बिघाड नसतो. टर्बो अजून फिरायचा असतो, इतकंच. पहिला गिअर टाकणं हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

दुपारी जड, रात्री हलकी

‘रात्री गाडी उडते, मे महिन्यात दुपारी जड वाटते’ हा अनुभव मनाचा खेळ नाही. हवा तापली की विरळ होते. पंधरा अंशांच्या तुलनेत ४२ अंशांना ती सुमारे नऊ टक्के विरळ असते. भोपाळ समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आणखी पाच-सहा टक्के कमी. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी प्रत्येक श्वासात इंजिनाला जवळपास चौदा टक्के प्राणवायू कमी मिळतो, आणि साध्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते.

टर्बो इथे जास्त जोराने फिरून कमतरता भरून काढतो. पण हवा दाबली की ती तापते. आधीच ४२ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर तिचं तापमान शंभर अंशांच्या वर जातं. इंटरकूलर ती थंड करतो, तरी इंटरकूलर स्वतः थंड होतो तो बाहेरच्या हवेनेच. आत जाणारी हवा फार गरम असेल तर ठिणगीने पेटलेली ज्वाला पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप भडकू लागतं, त्याला नॉकिंग म्हणतात. ते टाळायला इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ थोडी पुढे ढकलतो. इंजिन वाचतं, पण धार कमी होते. त्यात एसीचा भार असतोच. सूर्य मावळला की हे सगळे अडसर एकदम सैल होतात.

ॲव्हरेजचं कोडं

आपल्याकडे सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न ॲव्हरेजचा. दीड लिटर टर्बो ऑटोमॅटिकचे बहुतेक मालक शहरात लिटरला ९ ते ११ किलोमीटर आणि महामार्गावर १८ ते २० किलोमीटर असे आकडे सांगतात. एकाच गाडीत दुपटीचा फरक पडतो कसा?

महामार्गावरच्या आकड्याचं काही श्रेय एका चतुर युक्तीला आहे. गाडी सपाट रस्त्यावर एका वेगात चालली असेल तर तिला फार कमी ताकद लागते. अशा वेळी हे इंजिन चारपैकी मधले दोन सिलिंडर बंद ठेवतं. त्यांच्या झडपा मिटलेल्याच राहतात, पेट्रोल जात नाही. उरलेल्या दोघांना हवेची वाट जास्त मोकळी मिळते आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात वाया जाणारी ऊर्जा वाचते. पाय दाबताच चारही सिलिंडर कामाला लागतात आणि हा बदल जाणवतही नाही.

आनंद नगर ते ऑफिस या पाच किलोमीटरमध्ये ही युक्ती चालत नाही. इंजिनाचं तेल पुरतं गरम होईपर्यंत गाडी पोचलेली असते, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त घेतं. प्रत्येक सिग्नलला मिळवलेला वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. उभ्या गाडीत एसी चालू राहतो, म्हणजे पेट्रोल जळतं आणि अंतर शून्य. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरलेल्या चक्रानुसार आणि ताशी ९० किलोमीटरच्या मर्यादेत काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगला आहे, महिन्याचं बजेट आखायला नाही.

आणखी दोन गोष्टी हिशेबात धरायला हव्यात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० वरून १०० वर गेलात तर दीडपटीहून जास्त, १२० वर गेलात तर सव्वादोन पट. दुसरी गोष्ट इंधनात मिसळलेल्या इथेनॉलची. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यामुळे नॉकिंग कमी होतं, हा टर्बो इंजिनाला मिळणारा फायदा. तरीही ॲव्हरेज थोडं उतरलं तर लगेच मेकॅनिकला दोष देऊ नये.

कोंडीत तापणारा क्लच

दीड लिटरच्या या जर्मन घराण्यातल्या गाड्यांना सात गिअरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मिळतो. एक क्लच एक, तीन, पाच, सात हे गिअर सांभाळतो, दुसरा दोन, चार, सहा. तिसऱ्यात गाडी चालू असताना चौथा आधीच जुळवून ठेवलेला असतो, त्यामुळे बदल क्षणार्धात होतो. मालकाला मिळणाऱ्या आनंदाचा मोठा भाग इथला आहे.

मात्र हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. संध्याकाळी महाविद्यालयांच्या बस सुटल्या आणि रस्ता तुंबला की काय होतं ते पाहा. पुढची गाडी हातभर सरकते, आपण ब्रेक सोडतो, गाडी रांगते, पुन्हा ब्रेक. रांगताना क्लच पूर्ण जोडलेला नसतो आणि पूर्ण सुटलेलाही नसतो, तो घासत राहतो. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर घर्षण सतत चालतं. ही उष्णता जायला तेल नाही, आणि बाहेरची हवा ४० अंशांची. मग गाडी धक्के देऊ लागते, क्वचित पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते.

उपाय सवयीत आहे. ब्रेक नीट दाबून उभं राहावं, म्हणजे क्लच सुटतो. पुढे गाडीभर जागा झाली की मगच एकदम सरकावं. ज्यांचं रोजचं चालवणं अशा कोंडीतच जातं, त्यांच्यासाठी एक लिटर इंजिनासोबत मिळणारा टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स जास्त सोशिक आहे. त्यात जोर तेलातून पुढे जातो, त्यामुळे रांगण्याचा त्याला जाच नाही.

रस्ता धरणं आणि खालून घासणं

वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांकडे झुकतं. किती झुकेल ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर ठरतं. सेडान ठेंगणी असते, म्हणून ती कमी कलते, चारही टायर रस्त्याला नीट चिकटून राहतात आणि चालवणाऱ्याला भरवसा वाटतो. सातपुड्याच्या वळणांवर मागच्या सीटवरच्या आजीलाही हा फरक कळतो.

त्याच ठेंगणेपणाची दुसरी बाजू गल्लीत दिसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीसारखा असायला हवा. व्हर्टस-स्लाव्हियाच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.६५ मीटर अंतर आहे आणि रिकाम्या गाडीचं पोट जमिनीपासून १७९ मिलिमीटरवर असतं. गणित करून पाहिलं तर मानकाच्या उंचवट्यावर चारही चाकं एकाच वेळी मावतात आणि गाडीखाली जेमतेम पाच सेंटिमीटर उंचवटा येतो. साडेबारा सेंटिमीटरहून जास्त जागा उरते, पाच माणसं बसवूनही घासण्याचं कारण नाही.

आता वस्तीतल्या लोकांनी स्वतः घातलेला, अर्धा मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच सिमेंटचा बांध घ्या. पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात आणि तो सगळा बांध पोटाखाली येतो. रिकाम्या गाडीत तीन सेंटिमीटरही फट उरत नाही. माणसं आणि सामान भरल्यावर स्प्रिंग तेवढ्या सहज दबतात, आणि गाडी घासते. इथे गाडी बुटकी असल्यापेक्षा बांध नियमबाह्य असण्याचा दोष मोठा आहे, आणि ती तक्रार महापालिकेकडे जायला हवी. तोवर असा बांध अगदी सावकाश, तिरका घ्यावा आणि लांबच्या प्रवासाआधी टायरमध्ये पूर्ण भारासाठी सांगितलेली हवा भरावी.

तारे किती वेगापुरते?

स्लाव्हिया आणि व्हर्टसला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी पाच-पाच तारे मिळाले, त्याच वर्षी व्हर्नालाही. कुटुंबासाठी ही मोलाची गोष्ट आहे. पण त्या चाचणीतली समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरची असते. ताशी १२० वेगाला गाडीतली गतिज ऊर्जा त्याच्या साडेतीन पट होते. थांबण्याचं अंतरही तसंच वाढतं. प्रतिक्रियेचा एक सेकंद धरला तर १०० च्या वेगाला सुमारे ७० मीटर लागतात, १२० ला सुमारे ९५. चांगल्या गाडीत वेग जाणवत नाही, म्हणून काट्याकडे लक्ष ठेवणं जास्त गरजेचं. मागच्या सीटवरचा पट्टाही पुढच्याइतकाच सक्तीचा मानावा.

मग आनंद नगरातल्या कुटुंबाने काय करावं? महिन्या-दोन महिन्यांनी नागपूर-अमरावतीचा रस्ता धरणार असाल, तर टर्बो सेडानवर टाकलेला पैसा वसूल होतो. वर्षातून दोनदाच गावाबाहेर जात असाल आणि बाकी दिवस पाच किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर साध्या इंजिनाची गाडी तुम्हाला जास्त सुख देईल, आणि तसं निवडण्यात काही कमीपणा नाही. टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर, एकट्याने घेऊ नका. भर दुपारी, एसी लावून, घरची सगळी माणसं बसवून घ्या आणि तुमच्या गल्लीतल्या त्या बांधावरून गाडी एकदा नेऊन पाहा.