जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला कोणते तेल?

नृसिंहवाडीला पौर्णिमेसाठी येणाऱ्या गाड्यांत एके काळी अॅम्बॅसिडर आणि पद्मिनी यांचीच गर्दी असे. उत्तरपाड्याची अॅम्बॅसिडर १९५८ पासून २०१४ पर्यंत निघाली. कुर्ल्याची पद्मिनी त्याआधीच बंद झाली आणि मुंबईतील तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तरीही हौसेने किंवा वडिलांची आठवण म्हणून या गाड्या सांभाळणारे लोक आहेत. असे गिऱ्हाईक पैशाला मागेपुढे पाहत नाही, पण काम बिघडले तर पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढत नाही. आमच्या मिस्त्री आणि ऑईल विक्रेत्या बंधूंनी म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यावा.

दुकानात सर्रास ‘नव्वद नंबर द्या’ असे म्हटले जाते. पण नव्वद हा फक्त दाटपणाचा नंबर झाला. शिवाय गिअर ऑईलचे माप वेगळे आणि इंजिन ऑईलचे माप वेगळे. गिअरचे ९० नंबर तेल इंजिनच्या ४० ते ५० नंबर तेलाइतकेच दाट असते. इचलकरंजीच्या सूत बाजारातील माणसाला हे लगेच पटेल. कॉटनमध्ये ४० काउंटचे सूत २० काउंटपेक्षा बारीक असते, तर पॉलिस्टरमध्ये १५० डेनिअर हे ७५ डेनिअरपेक्षा जाड असते. माप कोणते हे न विचारता नुसत्या आकड्यावर सौदा करणारा फसतो.

डब्यावर दुसरी खूण असते ती जी.एल.-४ किंवा जी.एल.-५ अशी. खरा प्रश्न इथेच आहे. दाताची झीज थांबावी म्हणून या तेलांत गंधक आणि फॉस्फरसची द्रव्ये घातलेली असतात. जी.एल.-५ मध्ये ती साधारण दुप्पट असतात. मागच्या अॅक्सलमधील हायपॉईड दात एकमेकांवर मोठ्या दाबाने घसरतात, त्यांना असे कडक तेल लागते. गिअरबॉक्सची गोष्ट निराळी आहे. जुन्या गाड्यांतील सिंक्रोनायझरच्या रिंगा पितळेच्या किंवा ब्राँझच्या असतात. गिअर टाकताना ही रिंग घासून दोन्ही दातांचा वेग जुळवते. तेल फार निसरडे असेल तर रिंगेला पकड मिळत नाही आणि गिअर टाकताना ‘खर्र’ असा आवाज येतो. गरम गंधकयुक्त तेलाने पिवळा धातू हळूहळू खाल्लाही जातो. आजची काही जी.एल.-५ तेले पितळेला तेवढी घातक नाहीत, पण निसरडेपणाचा प्रश्न राहतोच. डब्यावर ‘४/५’ असे दोन्ही लिहिले असेल तर ते जी.एल.-५ च समजावे.

म्हणून सिंक्रोनायझर असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला बहुधा जी.एल.-४ योग्य ठरते. तरी शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत गिअरबॉक्सलाही इंजिन ऑईलच सांगितलेले आहे. गाडीच्या नावावरही जाऊ नये. अॅम्बॅसिडरमध्ये १९९० च्या दशकात इसुझूचे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला. तेव्हा खाली बॉक्स कोणता आहे ते पाहून मगच डबा फोडावा.

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर आणखी एक संकट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या भागातील कितीतरी गाड्या पाण्यात राहिल्या. बॉक्सच्या हवेच्या छिद्रातून पाणी आत जाते आणि तेल दुधाळ होते. अशी गाडी चालवून पाहू नये. गिअरबॉक्स आणि अॅक्सल दोन्हींचे तेल काढून टाकावे, नवे तेल भरून थोडे चालवावे आणि ते पुन्हा बदलावे. नाहीतर बेअरिंगला गंज धरतो.

एरवी तेल बदलताना गाडी सपाट जागी आणि बॉक्स कोमट असावा. आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहावे, नंतरच खालचा काढावा. वरचा अडकला आणि खालून तेल गेले तर गाडी जागीच बसते. काढलेल्या तेलात लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक दिसली तर रिंगा झिजत आहेत असे समजावे आणि मालकाला तसे स्पष्ट सांगावे. नवे तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंतच भरावे. जास्त झालेले तेल सीलमधून क्लच प्लेटवर उतरू शकते.

गिअरबॉक्सला तेल लागते थोडे लिटर. जी.एल.-४ चा डबा हाताशी नाही म्हणून शेजारचा डबा ओतला तर वाचतो एक हेलपाटा. रिंगा मात्र आता जुन्या बाजारात शोधत फिरावे लागते. गॅरेजवाल्यांनी बिलावर नुसते ‘गिअर ऑईल’ न लिहिता नंबर, जी.एल.ची खूण, तारीख आणि किलोमीटर लिहावे. पुढच्या वेळी गाडी कोणाच्याही हाती गेली तरी आत काय आहे ते त्याला कळेल, आणि उद्या वाद झालाच तर आपला कागद आपल्या बाजूने बोलेल.