जाहिरातीचा रुपया आणि एक्सेलची खतावणी

नाशकांतील मध्यम स्थितीच्या घरांतून गेल्या कांहीं वर्षांत एक नवा उद्योग रूढ झाला आहे. घरांतील सून अथवा लेक दिवाळीपूर्वीं चिवडा, चकल्या, अनारसे असे जिन्नस करते, जोडीला निफाडकडील बेदाणे निवडून ठेवते, इन्स्टाग्रामवर व गूगलवर जाहिरात देते आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या मागण्या कुरियरनें पुण्या-मुंबईस रवाना करते. या उद्योगाचें आम्हांस मनापासून कौतुक वाटतें. परंतु सण उलटला म्हणजे अशा घरांतून एक वाद हटकून उपस्थित होतो. जाहिरातीचे पैसे वसूल झाले कीं पाण्यांत गेले? वडील मंडळी म्हणतात, माल चोख असला तर जाहिरात हवी कशाला? चिरंजीव म्हणतात, दीड लाख लोकांनीं जाहिरात पाहिली, हें काय थोडें झालें? दोन्ही पक्ष आपापल्या मतावर ठाम असतात, आणि जिनें रात्री जागून घाणे तळले तिच्या उद्योगाचें भवितव्य या मतामतांच्या गलबल्यांत ठरतें. हा वाद मतानें न सोडवितां हिशेबानें सोडवितां येतो, आणि त्याचें साधन बहुतेक घरांतील संगणकांत असतेंच. तें साधन म्हणजे एक्सेलचा तक्ता.

या तक्त्याची जन्मकथा शिक्षकी पेशाच्या माणसास गमतीची वाटेल. १९७८ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें व्यापारशास्त्राचा अभ्यास करणारा डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी वर्गांतील फळ्यावरचा हिशेब पाहत होता. फळ्यावर ओळी व रकाने आंखलेले. त्यांतील एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सारे आंकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. हें पुसणें यंत्रानें आपोआप करावें, असें त्याच्या मनांत आलें. आणि १९७९ सालीं बॉब फ्रँकस्टन या सहकाऱ्याच्या साह्यानें त्यानें ‘व्हिसिकॅल्क’ नांवाचा तक्ता बाजारांत आणला. एक्सेल १९८५ सालचें. गूगलचा तक्ता २००६ सालचा. तत्त्व सर्वांचें एकच. प्रत्येक घरांत आंकडा अथवा सूत्र लिहावें. आंकडा बदलला कीं सूत्राचें उत्तर आपोआप बदलतें.

साधन परदेशी असलें तरी तें वापरण्याची शिस्त आपणांस अपरिचित नाहीं. आपल्या पेढ्यांवर व्यवहार घडतांच तो प्रथम रोजकीर्दींत लिहीत. मग खात्यांप्रमाणें खतावणी करीत. आणि वर्षअखेर ताळेबंद निघे. तक्त्याचींहि अशींच तीन पानें करावींत. पहिल्या पानावर मागण्या जशा आल्या तशा लिहाव्या आणि मागाहून त्यांत खाडाखोड करूं नये. दुसऱ्या पानावर त्यांची खातेवार वाटणी व्हावी. एक्सेलमध्यें ‘पिव्हट टेबल’ म्हणतात तें हेंच खतावणीचें काम क्षणांत करतें. तिसऱ्या पानावर घरांतील मंडळींस दाखवावयाचा निष्कर्ष असावा. पुष्कळ ठिकाणीं तिन्ही कामें एकाच पानावर उरकतात. मग मूळ नोंद कोणती आणि काढलेली बेरीज कोणती याचा पत्ता लागत नाहीं.

कीर्दीच्या पानावर एका मागणीस एक ओळ द्यावी. रकाने थोडेच पुरतात: तारीख, गिऱ्हाइकाचा फोन नंबर, गांव, रक्कम, आणि आपलें नांव त्यास कोठून कळलें. यांतील फोन नंबराचें महत्त्व समजण्यास आपल्या गोदाकांठच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आठवाव्या. यात्रेकरू आला कीं उपाध्याय गांव व आडनांव विचारतात, आणि तेवढ्यावरून त्याच्या पूर्वजांचीं नांवें असलेलें पान काढून दाखवितात. शोधण्याची किल्ली ठरलेली असल्यानें हें साधतें. आपल्या तक्त्यांत मात्र एकच गिऱ्हाईक एकदां ‘जोशीकाकू’, एकदां ‘सौ. जोशी, कोथरूड’ असें लिहिलेलें आढळतें, आणि यंत्र त्यांस दोन निराळ्या व्यक्ति समजतें. फोन नंबर ही किल्ली धरली म्हणजे जुनें गिऱ्हाईक कोणतें व नवें कोणतें हें निःसंशय कळतें.

तारखेचीहि काळजी घ्यावी. अमेरिकन रीतींत महिना आधीं व दिवस मागून असल्यानें ५/१० म्हणजे पांच ऑक्टोबर कीं दहा मे, असा घोटाळा उतरवून घेतलेल्या आंकड्यांत नित्य होतो. तक्ता तर तारखेसारखें दिसेल त्यास तारीखच समजतो. ‘मार्च’ व ‘सेप्ट’ या अक्षरांनीं आरंभ होणाऱ्या कांहीं जनुकांच्या संज्ञांचें त्यानें असेंच तारखांत रूपांतर केल्यामुळें शास्त्रज्ञ इतके त्रासले कीं, २०२० सालीं मानवी जनुकांस नांवें देणाऱ्या समितीनें त्या संज्ञाच बदलल्या.

आतां निकालाकडे वळूं. पुढील आंकडे आम्हीं केवळ समजुतीसाठीं योजिले आहेत. दिवाळींत जाहिरातीस १२,००० रुपये लागले: इन्स्टाग्रामवर ७,००० व गूगलवर ५,०००. मागण्या १२० आल्या. दर मागणी ६०० रुपयांची, म्हणजे विक्री ७२,०००. एका रुपयाच्या जाहिरातीनें सहा रुपयांची विक्री झाली, असें चिरंजीव म्हणतील. आणि जाहिरात कंपन्यांच्या अहवालांतहि असाच आंकडा ठळक छापलेला असतो. परंतु जिन्नस, डबे, कुरियर यांचा खर्च दर मागणीस ४५० रुपये धरला तर हातीं १५० राहतात. १२० मागण्यांचे १८,०००. त्यांतून जाहिरातीचे १२,००० वजा जातां उरले ६,०००. सहापट विक्रीचा डामडौल येथेंच निम्मा उतरला.

पुढें पाहूं. इन्स्टाग्राम म्हणतें, ८० मागण्या आमच्यामुळें. गूगल म्हणतें, ७० आमच्यामुळें. बेरीज १५० होते, आणि मागण्या तर १२० च आहेत! ज्या गिऱ्हाइकानें दोन्हीकडे जाहिरात पाहिली त्यास दोघेहि आपल्या खातीं जमा करतात. याकरितां कंपन्यांच्या दाव्यावर न विसंबतां आपली कीर्द प्रमाण मानावी. जाहिरातीच्या दुव्यास ‘यूटीएम’ नांवाची खूण जोडतां येते, तिच्या योगें येणारा कोणत्या वाटेनें आला हें कळतें. मागणी व्हॉट्सॲपवर आली तर ती खूण हरवते, अशा वेळीं, “आमचें नांव आपणांस कोठें कळलें?” असें गोड शब्दांत विचारून उत्तर रकान्यांत लिहावें.

फोन नंबरांवरून पाहतां कळलें कीं, १२० पैकीं ६० गिऱ्हाइकें गेल्या वर्षींचींच आहेत. तीं जाहिरात नसतीहि तरी बहुधा आलीं असतीं. कावळा बसण्यास व फांदी मोडण्यास एकच गांठ पडावी, हा काकतालीय न्याय शास्त्रकारांनीं सांगितला आहे तो येथें लागू पडतो. जाहिरातीमुळें खरोखर आलीं तीं नवीं ६०. त्यांचे ९,००० रुपये. खर्च १२,०००. म्हणजे ३,००० चा तोटा. येथें वडील मंडळींस आपला पक्ष सिद्ध झाला असें वाटेल. पण खतावणी आणखी एक पायरी उतरूं द्या. या ६० पैकीं गूगलवर शोधून आलेलीं ४५ व इन्स्टाग्रामवरून आलेलीं १५ निघालीं. गूगलचे ६,७५० वजा ५,००० म्हणजे १,७५० नफा. इन्स्टाग्रामचे २,२५० वजा ७,००० म्हणजे ४,७५० तोटा. जाहिरात बंद करावी कीं चालूं ठेवावी, हा प्रश्नच अपुरा होता. कोणती बंद करावी, हें विचारावयास हवें होतें. शिवाय नव्यांपैकीं किती जण पुढल्या वर्षीं आपण होऊन येतात हेंहि पाहावें. वीस जण परत आले तरी तीन हजारांचा तोटा भरून निघतो.

एक रकाना मात्र कोणत्याहि परदेशी पुस्तकांत आढळावयाचा नाहीं, तो आपला आपणच घातला पाहिजे. जाहिरातींचे अहवाल महिन्याची तुलना गतवर्षींच्या त्याच महिन्याशीं करतात. परंतु लक्ष्मीपूजन २०२३ सालीं १२ नोव्हेंबरला, २०२४ सालीं १ नोव्हेंबरला आणि २०२५ सालीं २१ ऑक्टोबरला झालें. चांद्र वर्ष सुमारें अकरा दिवसांनीं लहान असल्यानें सण दरवर्षीं मागें सरकतो, आणि अधिक मास आला कीं पुढें जातो; २०२३ सालीं अधिक श्रावण होता, २०२६ सालीं अधिक ज्येष्ठ आल्यानें लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. अशा स्थितींत एका ऑक्टोबरची तुलना दुसऱ्या ऑक्टोबरशीं केली तर उद्योग वाढला कीं बुडाला, याविषयीं भलताच भ्रम व्हावयाचा. म्हणून ‘लक्ष्मीपूजनास उरलेले दिवस’ असा रकाना करावा. पूजनाच्या तारखेंतून मागणीची तारीख वजा करणें तक्त्यास सहज साधतें. मग शेवटल्या वीस दिवसांशीं शेवटले वीस दिवस ताडून पाहावे. पंचांग घरांत असतेंच. त्याचा हा उपयोग नव्या पिढीनें अवश्य करावा.

अहवाल कुटुंबापुढें ठेवावयाचा तो अर्ध्या पानाचा असावा. प्रथम प्रश्न, मग निकाल, मग त्यास आधारभूत चार आंकडे, आणि शेवटीं आपणांस राहिलेली शंका. शंका लिहिण्यास लाजूं नये. एका सणावरून त्रिकालाबाधित सिद्धांत निघत नाहीं, आणि पंधरा गिऱ्हाइकांचा आंकडा दोघे-चौघे जास्त आले तरी बदलतो. गिऱ्हाइकांचे नंबर असलेलें पान मात्र नातलगांच्या व्हॉट्सॲपवर फिरवूं नये. ती विश्वासानें सोंपविलेली ठेव आहे, आणि २०२३ च्या कायद्यानेंहि अशा माहितीच्या रक्षणाचें बंधन घातलें आहे.

हें काम अवघड नाहीं. रोज मागण्या आटोपल्यावर पंधरा मिनिटें काढलीं तर कीर्द पुरी होते, आणि शाळेंत जाणारीं नातवंडें तक्त्याचीं सूत्रें आनंदानें घालून देतात. सणानंतर सर्व मंडळींनीं एकत्र बसून तें अर्धें पान वाचावें. जिनें उद्योग उभा केला तिनेंच तें वाचून दाखवावें, आणि पुढील वर्षाचा खर्च त्यावरून ठरावा.