पापडीचं देणं

वसई स्टेशनच्या पश्चिमेला उतरून पापडीला आलं की थोड्याशा अंतरात तीन पाट्या दिसतात. कृपामाउलीचं चर्च, थॉमस बाप्टिस्टा हायस्कूल आणि बसीन कॅथॉलिक बँक. नव्या माणसाला या तीन निरनिराळ्या संस्था वाटतील. पण तिन्हींचं मूळ एकच, धर्मग्राम, म्हणजे पॅरिश. रविवारी एका वेदीसमोर जमणारी माणसं उरलेले सहा दिवस एकमेकांचं काय लागतात, हे समजून घ्यायचं असेल तर पापडीसारखी जागा नाही.

इथला ख्रिस्ती समाज शेतकरी आणि बागाईतदारांचा. केळी, पानवेली, भाजी, फुलं यांवर जगलेला. चर्चचं मूळ पोर्तुगीज काळातलं. 1739 साली चिमाजीअप्पांच्या फौजेनं वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चं ओस पडली. गावातली श्रद्धा मात्र गावातच राहिली, कारण ती माणसं इथलीच होती. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीच्या चर्चला कॅथेड्रलचा मान मिळाला. पण गावकऱ्यांना ते अजून ‘आपलं देऊळ’च.

धर्मग्रामातली मदत म्हटलं की लोकांना दानपेटी आठवते. खरं काम चालतं ते सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बैठकीत. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन ही संस्था सुरू केली. आज जगभरच्या धर्मग्रामांत तिच्या शाखा आहेत, वसईतही आहेत. तिची पद्धत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सभासद सगळे प्रापंचिक, कुणी शिक्षक, कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी शेतकरी. फादर सल्ल्याला असतात, कारभार सभासदांचा. प्रार्थना होते, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं जातं, मग एकेका घराचा विषय निघतो. कुणाच्या घरात आजारी माणूस आहे, कुणाचं छप्पर गळतंय, कुणाच्या मुलीची फी अडली आहे. त्या घरी दोघं जण मिळून जातात, एकटं कुणी जात नाही. जाऊन आधी बसायचं, विचारपूस करायची. तांदूळ, तेल आणि औषधाच्या बिलाची गोष्ट त्यानंतर. घरचं नाव बैठकीबाहेर काढायचं नाही.

बैठक संपताना एक बंद पिशवी फिरते. प्रत्येकानं मूठ आत घालायची आणि बाहेर काढायची. कुणी पाचशेची नोट टाकली, कुणी दहाचं नाणं, कुणी रिकामीच मूठ उघडली, शेजारच्याला कळत नाही. देणाऱ्याला मिरवता येऊ नये आणि ज्याच्याकडे नाही त्याला मान खाली घालावी लागू नये, अशी सोय एका साध्या कापडी पिशवीनं केली आहे. देणगीदाराचं नाव संगमरवरावर कोरणाऱ्या सगळ्या संस्थांनी ही पिशवी एकदा पाहावी.

तरीही पापडीचं सगळ्यात मोठं दान मला यापुढचं वाटतं, आणि त्याला कुणी दान म्हणत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकरी अडीनडीला सावकाराकडे जायचा आणि मुद्दलापेक्षा व्याजातच पिचायचा. धर्मगुरूंना हे रोज दिसत होतं. 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि 1918 मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानं वसईत पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. मोनीस यांना गरिबांसाठी आणखी एक निधी काढता आला असता. त्यांनी शेतकऱ्याला भागधारक केलं. भीक घेणाऱ्याला मत नसतं, सभासदाला असतं. सहकारात शेअर कितीही असोत, मत एकच. हा फरक ज्याला कळला त्याला गरिबी कळली, असं मी म्हणेन.

शाळेचंही तसंच. वसईतल्या चर्चच्या शाळांत सगळ्या जातिधर्मांची मुलं एका बाकावर बसतात, आणि शेतकऱ्याची मुलं इथूनच शिकून शिक्षक, नर्स, बँकेतले अधिकारी झाली. इथल्या चर्चनं जो एक निर्णय घेतला त्याचं मोल मोठं आहे, तो मराठीचा. घरात वाडवळी किंवा सामवेदी बोली, देवळात मराठी. चर्चचं मराठी मासिक ‘सुवार्ता’ 1955 पासून निघतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची सक्ती गेली आणि वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतून होऊ लागली. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’चे संपादक झाले, वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्याच्या ‘हरित वसई’च्या लढ्यात उतरले आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरूनं विहिरींच्या पाण्यासाठी रस्त्यावर यावं का, असं तेव्हा काही जण विचारत होते. विहीर खारी झाली की बाग जाते, बाग गेली की धर्मग्राम जातो. त्यांचं उतरणं योग्यच होतं.

आता बागांच्या जागी इमारती आल्या आहेत. शेजारी कोण राहतो हे पूर्वी विचारावं लागत नसे, आता लागतं. आळीतली आजी आजारी पडली तर बातमी आपोआप पोचायची. चौथ्या मजल्यावरच्या बंद दारामागची पोचत नाही. घरोघर फिरणाऱ्या त्या दोघांची गरज म्हणूनच आज जास्त आहे, आणि त्यासाठी ज्यांचे पाय कुरकुरत नाहीत अशी तरुण माणसं हवीत.

चर्चच्या शाळेत शिकून मोठे झालेले वाचक महाराष्ट्रभर आहेत, आखातात आहेत, कॅनडात आहेत. त्यांना एक विनंती. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आपल्या जुन्या शाळेच्या कार्यालयात फोन करा, फी अडलेल्या एका मुलाचा वर्षाचा खर्च विचारा आणि तेवढी रक्कम भरा. मुलाचं नाव विचारू नका, तुमचंही कळू देऊ नका.